माहलर जाणार म्हणे

व्हिएन्ना, मे १९०७. दरबारी ऑपेराचे संचालक गुस्टाव्ह माहलर नोकरी सोडणार, अशी आवई शहरभर उठली आहे. या जागेवर त्यांना दहावं वर्ष चालू आहे. कुणी म्हणतं ते स्वतःहून जातायत, कुणी म्हणतं त्यांना घालवतायत. ते कधी जातात याकडे सगळ्यांचे डोळे लागलेत. आपण ते रोज कामावर कसे जातात, ते बघू. एखादी विशिष्ट तारीख धरलेली नाही. त्या काळातला त्यांचा कामाचा दिवस असाच जायचा. घरातलं वेळापत्रक त्यांच्या पत्नीने, अल्माने, पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे.

सकाळी ७

माहलर उठले. वय ४६. उंची बेताची, अंगाने सडपातळ, डोळ्यांवर चष्मा. न्याहारी झाली की थेट टेबलाशी. हे दोन तास त्यांचे स्वतःचे. ऑपेरा उन्हाळ्यात बंद असतो, तेव्हाच नवं लिहायचं. मग बाकीचं वर्षभर सकाळी उठून त्याची पक्की प्रत करायची, खाडाखोड करायची, कुठल्या वाद्याला काय द्यायचं ते पुन्हा ठरवायचं. आतापर्यंत आठ सिंफनी अशाच झाल्या. आठवी गेल्या उन्हाळ्यातली, अजून कुणी ऐकलेली नाही.

थोरली मुलगी मारिया साडेचार वर्षांची. तिला या खोलीत मज्जाव नाही. रोज सकाळी ती आत जाते. दोघांचं काय बोलणं चालतं ते बाहेर कुणाला कळत नाही. ती बाहेर येते तेव्हा नखशिखान्त जॅमने माखलेली असते. दाई रोज तिला धुऊन काढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

८:४५

घर आउएनब्रुगरगासेमध्ये, भाड्याचं. इमारत ओटो वाग्नर या वास्तुविशारदाची. जिने बरेच. खाली उतरून रेनवेग, मग श्वार्झनबर्गप्लाट्झ, मग रिंग. माहलर भरभर चालतात, पण त्यांची चाल एकसारखी नाही. दोन पावलं टाकली की मध्येच एक पाय आपटल्यासारखा पडतो. त्यावरून लांबूनही ओळखू येतात. हाताखालचे वाद्यवृंद-संचालक ब्रूनो वाल्टर यांनी लिहिलंय, की घोडागाडीवाले मागे वळून आपल्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, ते बघा माहलर. इतका ओळखीचा माणूस. तो जाणार म्हटल्यावर बातमी होणारच.

९:००

कचेरी. टेबलावर टपाल आणि वर्तमानपत्रं. माहलरांचं काम काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण अंदाज बांधणारे नेमकं तेच विसरतात. ते वाद्यवृंद चालवतात. शिवाय गायक नेमतात, काढतात, रजा मंजूर करतात. आठवड्याचा कार्यक्रम लावतात. कुणाचा घसा बसला तर संध्याकाळपर्यंत दुसरा गायक उभा करायचा, नाहीतर खेळच बदलायचा. हंगामात बहुतेक रोज संध्याकाळी पडदा वर जातो, आणि रोज वेगळा खेळ असतो. एका खेळाचं सामान उतरवायचं, दुसऱ्याचं चढवायचं.

रजेचे अर्ज नेहमीचेच. मोठ्या गायकांना बाहेरगावचे कार्यक्रम हवे असतात, तिथे पैसा जास्त मिळतो. लिओ स्लेझाकसारखा लोकांचा लाडका टेनर बाहेर गेला की इथे अडचण. संचालक नाही म्हणतात, गायक रागावतात. पण यंदा रजेचं प्रकरण संचालकांवरच उलटलंय. मार्चमध्ये माहलर मैफलींसाठी रोमला गेले होते. त्या रजेवरून वरिष्ठांशी खटका उडाला. स्वतःच्या सिंफनी वाजवायला सारखे गावोगाव फिरतात, इकडे ऑपेरा वाऱ्यावर, अशी तक्रार आहे. तक्रार अगदीच खोटी नाही. अलीकडे ते स्वतः कमी संध्याकाळी वाजवतात. बरेच खेळ वाल्टर आणि फ्रान्झ शाल्क करतात.

हे वरिष्ठ म्हणजे प्रिन्स मोंटेनुओव्हो. नेपोलियनची दुसरी बायको मारी लुईझ, तिचा हा नातू. सम्राटाच्या घरचा कारभार बघणाऱ्या खात्यात हे वरच्या हुद्द्यावर, आणि ऑपेरा त्या खात्यात मोडतो. आपण याला कलेचं मंदिर म्हणतो. कागदोपत्री तो राजवाड्याच्या हिशेबातला एक विभाग आहे. गल्ल्यात किती आले, पडद्याच्या कापडाला किती गेले, याचा जाब द्यावा लागतो.

आणखी एक जुनी फाइल आहे. रिचर्ड स्ट्राउसचा ‘सालोमे’. माहलरांना तो इथे करायचाच होता. १९०५ मध्ये दरबारी सेन्सॉरने नाही म्हटलं, कारण दिलं धर्माचं आणि नीतीचं. माहलरांनी पत्रं लिहिली, विनंत्या केल्या. उपयोग झाला नाही. आता याच मे महिन्यात ब्रेस्लाउची कंपनी येऊन शहरातल्या दुसऱ्या थिएटरात ‘सालोमे’ करते आहे. दरबारी ऑपेराच्या संचालकाने तो तिकीट काढून बघावा, अशी वेळ आली. मला विचाराल तर माणूस नोकरीला कंटाळतो तो अशा गोष्टींनी. वर्तमानपत्रांत छापून येतात ती भांडणं निराळी.

१०:००

तालीम. सभागृह अंधारात, फक्त वादकांच्या दिव्यांचा उजेड. माहलरांच्या काळात वादकांचा खड्डा खोल केला गेला, म्हणजे दिव्यांची तिरीप प्रेक्षकांच्या डोळ्यांत जात नाही.

पहिल्या वर्षांत ते वाजवताना हातपाय झाडत. त्यावरची व्यंगचित्रं गाजली. आता तसं नाही. मनगट हलतं, तेही थोडंच. डावा हात क्वचित वर येतो. ओरडायचं ते तालमीत. एकच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. चाळीस-पन्नास वर्षांचे वादक, याच जागी आयुष्य गेलेलं, त्यांना शाळकरी पोरासारखं एकेकट्याने वाजवायला लावतात. त्यांना ते झोंबतं. हेच वादक व्हिएन्ना फिलहार्मोनिक म्हणून स्वतंत्र मैफली करतात. त्यांच्या मैफलींचं काम माहलरांनी १९०१ मध्येच सोडलं. पहिल्या खुर्चीवर आर्नोल्ड रोझे, माहलरांचे मेहुणे. तालमीत नातं मध्ये येत नाही.

वादकांच्या बाजूनेही बघायला हवं. सकाळी तालीम, संध्याकाळी खेळ, मधल्या वेळात शिकवण्या. या माणसाच्या हाताखाली ओठ आणि बोटं जास्त झिजतात. तो गेला तर हायसं वाटेल, असं म्हणणारे इथे बरेच आहेत. आणि त्यांच्यातलेच काही जण वाजवून झाल्यावर कबूल करतात, की असं आपण दुसऱ्या कुणाकडे वाजवत नाही.

११:३०

रंगमंच. इथे आल्फ्रेड रोलर यांचं राज्य. मूळचे चित्रकार, १९०३ मध्ये ‘ट्रिस्टान’चं नेपथ्य केलं आणि इथलेच झाले. त्याआधी नेपथ्य म्हणजे रंगवलेला पडदा. जंगल हवं, जंगलाचा पडदा सोडा. राजवाडा हवा, तो गुंडाळा आणि दुसरा सोडा. रोलरनी खरीखुरी लाकडी बांधणी आणली, आणि उजेडाचा रंग अंकागणिक बदलला.

बघणाऱ्याला छान. वाहणाऱ्याला जड. पडदा दोरीने खेचता येतो. भिंत चार जणांनी उचलावी लागते. रंगमंच कामगारांचा घाम रोलर आल्यापासून वाढला, हे उघड आहे. म्हणून १९०५ च्या ‘डॉन जोव्हान्नी’त रोलरनी तोड काढली. दोन्ही बाजूंना मोठे करडे मनोरे उभे केले, ते खेळभर हलवायचेच नाहीत. कधी ते घर होतं, कधी बागेची भिंत, कधी दफनभूमी. बदलायचं ते मागचं आणि मधलं. लोकांनी मनोऱ्यांची टिंगल केली. पण सामान ओढणाऱ्यांचे हात त्याने वाचले, आणि दोन प्रवेशांमधली रखडपट्टी कमी झाली.

या हंगामात रोलरच्या पायी माहलर अडचणीत आले. ‘पोर्टिचीची मुकी मुलगी’ या खेळासाठी रोलरनी नर्तकांची तालीम परस्पर घेतली. बॅले-मास्टर हासराइटर भडकले. बॅलेवाले मोंटेनुओव्होंकडे गेले. रोलरना आवरा, असा वरून निरोप आला. माहलर रोलरच्या पाठीशी उभे राहिले. शहरात अंदाज बांधणारे इथपासून सुरुवात करतात: त्या दिवशी भांडण पेटलं, म्हणून आता हे जाणार.

१२:५०

माहलर निघाले. ऑपेरातला शिपाई लगेच घरी टेलिफोन करतो: साहेब निघाले. घरात धावपळ.

१:००

खाली दाराची घंटा वाजते. ते जिने चढून येईपर्यंत सूप टेबलावर हवं. वरचं दार उघडं हवं, किल्ली लावण्यात क्षणही जायला नको. सगळ्या खोल्यांमधून तीरासारखे न्हाणीघरात, हात धुवून टेबलाशी. अल्माचं हे वर्णन वाचताना मला आधी तीच दिसते, सुपाकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघणारी. ती स्वतः गाणी रचायची. लग्नाच्या आधी माहलरांनी ते बंद करायला सांगितलं, तिने केलं. त्यांच्या शिस्तीचा खर्च या घरात कोण भरतं, ते जेवणाच्या वेळी कळतं.

पैशांचा खर्चही तिच्याच वहीत. ती लिहिते, की १९०२ मध्ये लग्न झालं तेव्हा माहलरांच्या डोक्यावर ५०,००० क्रोनेनचं कर्ज होतं. मायरनिगला तळ्याकाठी बांधलेलं घर होतं, मागच्या भावंडांचं करायचं होतं. ते कर्ज फेडायला पाच वर्षांची काटकसर लागली. म्हणजे शहरात ज्याची खुर्ची हलवायची चर्चा आहे, तो माणूस नुकता कुठे कर्जातून मोकळा होतोय.

२:००

थोडी पडी. मग चालणं. बेल्व्हेडेरला चार फेऱ्या, नाहीतर रिंगचा पुरा वेढा, म्हणजे पाचेक किलोमीटर. हेही चालणं कामासारखंच, वेगात. अल्माला बरोबर यावं लागतं.

४:००

त्यांना चालू दे. आपण ऑपेरापासून हाकेच्या अंतरावरच्या कॅफे म्युझियममध्ये बसू. एक कॉफी, सोबत पाण्याचा पेला, आणि लाकडी दांड्यांना अडकवलेली वर्तमानपत्रं, हवा तितका वेळ. चित्रकार, लेखक, पत्रकार इथे ठिय्या देऊन असतात. याच महिन्यात १४ तारखेला सगळ्या पुरुषांना मताधिकार देणारी पहिली निवडणूक झाली, तरी ऑपेराचा विषय मागे पडलेला नाही.

अंदाज तऱ्हेतऱ्हेचे. तिजोरीत तूट आली म्हणून जातायत. रोमच्या रजेमुळे. बॅलेमुळे. प्रकृतीमुळे. ज्यू असल्यामुळे. हे शेवटचं कारण काही वर्तमानपत्रं कुजबुजत नाहीत, उघड छापतात; महापौर लुएगर ज्या लाटेवर निवडून येतात तीच ही लाट. नेमणूक मिळावी म्हणून माहलरांनी १८९७ च्या फेब्रुवारीत कॅथलिक धर्म घेतला होता. शिव्या देणाऱ्यांच्या हिशेबात त्याने काडीचा फरक पडला नाही.

आणि मग नावं. म्यूनिकचे फेलिक्स मोटल येणार. नाही, ड्रेस्डेनचे शूख. नाही, वाइनगार्टनर. पलीकडे दुसरी मंडळी वेगळ्याच कामात आहेत. माहलरांना पाठिंबा देणारं एक निवेदन याच महिन्यात निघालं. सह्या करणाऱ्यांत चित्रकार क्लिम्ट आहेत, श्निट्झलर, होफमान्सथाल, तरुण श्टेफान झ्वाइग आहेत. पण नेमणुकीचा कागद सह्यांवर निघत नाही.

या टेबलांवर कुणाजवळ नसलेली माहिती आपल्याजवळ आहे, म्हणून सांगून टाकतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे हाइनरिश कॉनरीट माहलरांच्या मागे लागले होते. जूनमध्ये बर्लिनला दोघांची भेट झाली, २१ जूनला करार झाला. वर्षाला तीन महिने काम, त्याचे ७५,००० क्रोनेन, प्रवास आणि राहणं वेगळं. व्हिएन्नाने निवृत्तिवेतन ठरवलं वर्षाला १४,००० क्रोनेन, नियमाने बसत होतं त्याहून थोडं जास्त. मोटलना म्यूनिकने सोडलं नाही. वाइनगार्टनर १ जानेवारी १९०८ ला रुजू झाले. कॅफेतल्यांचा एक अंदाज बरोबर आला, असं म्हणता येईल. का, ते मात्र एकाच कारणात मावत नव्हतं.

करार झाला त्याच उन्हाळ्यात, १२ जुलैला, मायरनिगच्या घरात मारिया गेली. सांसर्गिक तापाने. त्यानंतर काही दिवसांतच डॉक्टरांनी माहलरांचं हृदय तपासलं आणि जपून राहायला सांगितलं. डोंगर चढणं, लांब चालणं, सगळं बंद.

५:००

मे महिन्यात मात्र अजून सगळं चालू आहे. घरी चहा. मुलींबरोबर थोडा वेळ. मग पुन्हा ऑपेराकडे.

६:१५

बाजूच्या दाराशी उभ्याने बघणाऱ्यांची रांग. संगीतशाळेतली पोरं, शिकाऊ कारकून. हे लोक माहलरांचे. बॉक्समधली मंडळी जेवून सावकाश येतात, ही रांगेतच खातात. माहलरांनी आल्या आल्या भाडोत्री टाळ्या वाजवणाऱ्यांवर बंदी घातली. गायकांकडून तसं लिहून घेतलं. टाळ्यांचे पैसे मोजायचे नाहीत. गायकांचे पैसे वाचले, पण टाळ्याही कमी झाल्या, आणि ते त्यांना आवडलं नाही. बंदी पुरती टिकलीही नाही.

७:००

दारं बंद. उशिरा आलेल्याने बाहेर थांबायचं. या नियमाने माहलरांनी जितके शत्रू केले, तितके बॅलेच्या भांडणानेही केले नसतील. ज्यांच्या आजोबांपासून बॉक्स राखलेला, त्यांना दारवान अडवतो.

आज ‘फिदेलिओ’ धरू. १९०४ मध्ये रोलर आणि माहलरांनी तो नव्याने बसवला. दुसऱ्या अंकात तळघरातला तुरुंग आहे. दगडी, काळोखा. त्यानंतर लगेच उघड्यावरचा प्रवेश, लख्ख ऊन, कैदी सुटलेले, गर्दी. रोलरची दोन्ही नेपथ्यं जड. एक काढून दुसरं लावायला वेळ हवा, आणि बीथोव्हनने तो दिलेला नाही. माहलरांनी काय करावं? बीथोव्हनचीच ‘लिओनोरे’ची तिसरी नांदी त्यांनी या दोन प्रवेशांच्या मध्ये घातली. सुमारे १४ मिनिटं वाद्यवृंद एकटा वाजतो. पडद्यामागे तेवढ्यात तुरुंग उतरतो आणि किल्ला उभा राहतो.

या १४ मिनिटांत आपण विंगेत उभं राहावं. पायांत मऊ जोडे, बोलणं खुणेने. दगड म्हणून दिसतात ते लाकूड आणि कापड आहे, पण वजन काही कमी नाही. चौघे उचलतात, पाचवा पुढे वाट मोकळी करतो. दोरीवाला वर बघत असतो. हळुवार भाग आला की थांबायचं, मोठा आवाज आला की खिळा ठोकायचा. बाहेर लोक डोळे मिटून ऐकतायत. आत रंगमंच प्रमुख त्याच सुरांवर घड्याळासारखं काम मोजतोय. पुढे जगभर कितीतरी ऑपेरागृहांनी ही नांदी याच जागी वाजवली. तिचं कौतुक करणाऱ्यांना क्वचित आठवतं, की ती सामान हलवायच्या वेळात बसवली होती. मला तर या माणसाच्या दहा वर्षांतलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. कामगारांना लागणारा वेळ त्याने लपवला नाही, त्यातच संगीत भरलं.

९:४५

पडदा. टाळ्या वरच्या सज्जातून जास्त, खालून बेताच्या. या इमारतीत माहलरांनी वाजवलेले खेळ साडेसहाशेच्या घरात जातील. १९०१ मध्ये एकदा दुपारी फिलहार्मोनिकची मैफल आणि संध्याकाळी ‘जादूची बासरी’ असं दोन्ही केलं, आणि त्याच रात्री रक्तस्राव होऊन जीव जाता जाता वाचला. अंगावर काम घेण्याची ही जुनी खोड. त्यांचा शेवटचा खेळ ‘फिदेलिओ’च ठरला, १५ ऑक्टोबर १९०७ ला. आज ते कुणाला माहीत नाही.

अल्मा न्यायला आली आहे. बहुतेक रोज येते. दोघं भराभर निघतात. घाईला शहराचंही एक कारण आहे. व्हिएन्नात रात्री दहाला इमारतीची दारं बंद होतात. किल्ली रखवालदाराकडे. दहानंतर घंटा वाजवली तर तो उठून दार उघडतो, आणि त्याचे २० हेलर मोजावे लागतात. ऑपेरातून परतणारे निम्मे लोक हाच हिशेब करत चालतात.

१०:१०

घंटा. रखवालदार येतो. वीस हेलर.

वर जेवण मांडलेलं. जेवण झालं की अल्मा मोठ्याने वाचून दाखवते, ते ऐकतात. दिवसभर वाचून डोळे शिणलेले असतात. संचालक कोण होणार, हा विषय त्या पुस्तकात नाही. उद्या सातला उठायचं. दहाला तालीम आहे, आणि रजेच्या अर्जांना अजून उत्तरं गेलेली नाहीत.